उकळून गार केलेलं पाणी

माझ्या धाकट्या बहिणीनं कॅथलिक मुलाशी लग्न करायचं ठरवलं, तेव्हा आमच्या घरी कुणी आकांत केला नाही. आईवडील नव्हतेच. घर म्हणजे मी आणि माझा नवरा. मी बोरिवलीला म्युनिसिपल शाळेत शिकवत होते आणि रविवारी आमच्या चर्चमध्ये संडेस्कूल घेत होते. आम्ही मूळचे नगरकडचे, तीन पिढ्यांचे प्रॉटेस्टंट. मुलगा मालाडच्या गावठणातला ईस्ट इंडियन, म्हणजे तोही मराठीच बोलणारा, फक्त वेगळ्या वळणाची. चारकोपच्या एका कारखान्यात टर्नर होता. नोकरी पक्की आहे का, एवढं मी विचारलं. आहे म्हणाला. मग मी हो म्हटलं.

अट एकच होती. लग्न त्यांच्या चर्चमध्ये होणार आणि त्याआधी बहिणीनं सहा महिने त्यांची शिकवणी घ्यायची. तिचा बाप्तिस्मा आमच्याकडे ती तान्ही असतानाच झाला होता. मला वाटलं, हे लोक आता तो पुन्हा करतील. तसं केलं असतं तर मी भांडले असते. पण त्यांच्या फादरनी आमच्या पाळकसाहेबांकडून दाखला मागवला, पाणी वापरलं होतं का आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावानं दिला होता का, एवढं विचारलं आणि ग्राह्य धरला. एकदा झाला की झाला, पुन्हा देत नाहीत, असं बहिणीनं घरी येऊन सांगितलं. पाणी आणि शब्द बरोबर असले की देणारा कोण हे ते बघत नाहीत. अगदी अडल्या वेळी हिंदू नर्सनं दिला तरी चालतो. मला ते चमत्कारिक वाटलं.

"म्हणजे मंत्र झाला की," मी म्हटलं.

"मंत्र नाही गं. पण शब्दाला किंमत आहे त्यांच्यात."

"आणि विश्वासाला?"

"ताई, तू परीक्षा घेऊ नकोस माझी. फादर घेतात तेवढी पुरे."

लग्नानंतर तिचा नवरा मला यावरून चिडवायचा. त्यांचे संस्कार सात, आमचे विधी दोनच, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. "ताई, तुमचं दुकान चालतं कसं? सगळ्या शोकेसमध्ये माल दोनच."

"दोनच आहेत, पण दोन्हींचा अर्थ आमच्या पोरांना पाठ असतो. तुम्हाला विचारलं की तुम्ही फादरकडे बोट दाखवता."

"मग फादरना पगार कशाचा?" तो म्हणायचा आणि हसायचा. चांगला माणूस. अजूनही आहे.

मी खरंच पोरांकडून अर्थ पाठ करून घेत असे. बाप्तिस्मा हे चिन्ह आहे, त्यानं तारण मिळत नाही, तारण देवाच्या कृपेनं मिळतं. पोरांना कळावं म्हणून मी शाळेच्या बिल्ल्याचं उदाहरण द्यायची. बिल्ला घरी विसरला म्हणून तू शाळेतला नाहीस असं होतं का? नाही. तसंच. आणि बाप्तिस्मा पाळकसाहेबच देणार, मंडळीसमोर देणार, कारण सगळी मंडळी उभी राहून त्या लेकराची जबाबदारी घेते. कोपऱ्यात नेऊन कुणीही द्यायची ती गोष्ट नाही. हे मला लहानपणी दुसऱ्या पद्धतीनं शिकवलं गेलं होतं. आठ-नऊ वर्षांची असताना मी बाहुलीला बाप्तिस्मा दिला, पाळकसाहेबांसारखा आवाज काढून, सगळे शब्द म्हणून. वडील चर्चच्या पंचांपैकी होते. त्यांनी ऐकलं आणि एक सणसणीत मुस्काटात दिली. आयुष्यात तेवढी एकदाच. "हे शब्द आपल्या तोंडचे नाहीत," म्हणाले.

लग्नाला चार वर्षं झाली आणि मग बहिणीला दिवस गेले. सातव्या महिन्यात ती चार दिवस माझ्याकडे राहायला आली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला कळा सुरू झाल्या. आमच्या सोसायटीपासून दोन गल्ल्यांवर, एका इमारतीच्या तळमजल्यावर प्रसूतिगृह होतं. तिथं नेलं. साडेअकराला मुलगी झाली. वजन सव्वा किलोही नव्हतं.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि सरळ सांगितलं की फुफ्फुसं तयार नाहीत, इथं सोय नाही, मोठ्या हॉस्पिटलात हलवावं लागेल. गाडी येईल तेव्हा येईल. मी कारखान्यात फोन केला, मालाडला त्यांच्या शेजारच्या दुकानात फोन केला. बहिणीचा नवरा आला, पाच मिनिटं काचेतून बघितलं आणि गाडीचं बघायला पुन्हा बाहेर पळाला. बहीण आतल्या खोलीत गुंगीत होती.

एकच्या सुमारास तिची सासू रिक्षानं आली. मी त्यांना मावशी म्हणायची. साठी उलटलेली, लाल लुगडं, कानाच्या पाळ्या जड दागिन्यांनी ओघळलेल्या, आणि त्या दिवशी जोराचा खोकला. नर्सनं त्यांना बाळाच्या खोलीच्या दारातच अडवलं. त्यांनी वाद घातला नाही. पिशवीतून औषधाची एक लहान बाटली काढली आणि माझ्या हातात ठेवली. चर्चमधून आणलेलं आशीर्वादाचं पाणी होतं.

"बाय, जगल का?"

"सांगता येत नाही, मावशी."

"मना खरं सांग."

"नाही वाटत."

त्यांनी क्रूसाची खूण केली. "मग तू पानी घाल. फादरला निरोप दिलाय, पन तो कवा येल? डोक्यावर वत, तीन वेला, आनि ते शब्द बोल. तुला येतात ना शब्द?"

"येतात."

"तुमच्यातले नि आमचे शब्द येकच हायेत, सूनबाय बोल्ली मना. येवढं कर गो. माजी नात देवाला बघनार नाय नायतर."

मी हो म्हटलं आणि आत गेले.

पुढची पाच मिनिटं मला अजून नीट आठवतात, आणि ती मी कुणाला पटवून देऊ शकत नाही. काचेची पेटी होती, आत उबेसाठी बल्ब लावला होता. बाळाची छाती खाली-वर होत होती आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांमध्ये खळगे पडत होते. मी बाटली उजेडात धरली. पाणी जरा गढूळ दिसलं. कधीचं होतं कोण जाणे. मी नर्सला विचारलं, तर ती म्हणाली, "तसलं काही लावू नका बाई, जंतू जातील. आणि ओतायचं तर मुळीच नाही, अंग गार पडेल." तिचं म्हणणं मला बरोबर वाटलं. तिच्या जागी मी असते तरी तेच म्हटलं असतं. तिनं उकळून गार केलेलं पाणी वाटीत दिलं आणि कापसाचा बोळा दिला. मी बोळा बुडवला, घट्ट पिळला आणि पेटीच्या झरोक्यातून हात घालून बाळाचं कपाळ तीनदा पुसलं.

शब्द जिभेवर होते. मी ते म्हटले नाहीत. वडिलांची आठवण झाली असं म्हणणं सोपं आहे, पण तसं काही झालं नाही. मी फक्त विचार केला की हे काम माझं नाही. इथं मंडळी नाही, पाळक नाहीत, मी पाळकपणाची दीक्षा घेतलेली नाही. उद्या कुणी विचारलं की संडेस्कूलच्या बाई प्रसूतिगृहात बाप्तिस्मे देतात का, तर काय सांगायचं? आणि बाळाला त्याची गरजही नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग मावशींचंही मन राहील आणि माझ्या हातून काही वावगंही होणार नाही, असा मधला रस्ता मी काढला. प्रभूची प्रार्थना म्हटली, सुरुवातीपासून आमेनपर्यंत, बऱ्यापैकी मोठ्यानं. बाटली तशीच पर्समध्ये टाकली.

बाहेर मावशी बाकावर जपमाळ घेऊन बसल्या होत्या.

"घातलंस पानी?"

"घातलं."

त्यांनी माझा हात धरून ओठांना लावला. वयानं एवढ्या मोठ्या बाईनं असं केलेलं मला अवघड वाटलं. मी हात सोडवून घेतला आणि चहाचं काही बघते म्हणून बाहेर गेले.

गाडी यायच्या आधीच बाळ गेलं. तीन वाजले असतील. बहिणीला मीच सांगितलं. तिनं सासूकडे वळून विचारलं, "पाणी झालं होतं?"

"झालं गो. तुझ्या बहिनीनंच घातलं. माझी नात सरल वर गेली."

बहिणीनं माझ्याकडे बघितलं. त्या दिवसात तिच्या चेहऱ्यावर काही बरं म्हणता येईल असं तेवढं एकदाच दिसलं. "ताई, तू केलंस?" म्हणाली. मी होकारार्थी मान हलवली. मला तेव्हाच सांगता आलं असतं. पण मला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मालाडला होतो. बहीण ऐकेना, म्हणून तिलाही रिक्षात बसवून आणलं होतं. ती आतल्या खोलीत पलंगावर होती, दाराला नुसता पडदा. बाहेरच्या खोलीत टेबलावर पांढऱ्या कापडानं मढवलेली लहान पेटी, दोन मेणबत्त्या. फादर आले. तिशीचे, चष्मा, बोलणं हळू. त्यांनी पेटीपाशी प्रार्थना केली, मग खुर्चीवर बसून खिशातून डायरी काढली.

"नाव काय ठेवलं बाळाचं?"

मावशींनी सांगितलं. बहिणीनं ठरवलेलं नाव होतं, माझ्या आईचं.

"बाप्तिस्मा कुणी दिला?"

"मी," मी म्हटलं.

"चांगलं केलंत. नोंद करायची आहे म्हणून विचारतो. कसा दिलात तेवढं सांगा."

मी सांगितलं. माझा आवाज शाळेत हजेरी घेताना असतो तसा होता. पाणी कुठलं, तर उकळलेलं. त्याला त्यांची हरकत नव्हती, पाणी कुठलंही चालतं म्हणाले.

"डोक्यावर ओतलंत?"

"कापसाच्या बोळ्यानं कपाळ पुसलं."

"ओघळलं असेल थोडं."

"नाही. गार पडेल म्हणून बोळा पिळून घेतला होता."

पाणी वाहायला लागतं, पण त्यांनी ते सोडून दिलं. "आणि शब्द?"

"प्रभूची प्रार्थना म्हटली."

"ती आधी. त्यानंतर?"

"आमेन."

त्यांनी पेन डायरीत ठेवलं पण डायरी मिटली नाही. माझ्याकडे बघून अगदी सावकाश म्हणाले, "बाई, अशा वेळी माणूस घाबरलेला असतो. तोंडून काय गेलं ते लक्षात राहत नाही. तुम्हाला ते शब्द पाठ आहेत. नीट आठवून बघा. म्हटले असतील तुम्ही."

आज मला कळतं की त्या माणसानं माझ्यासमोर दार उघडून धरलं होतं. बहुधा त्याच्या नियमात बसत होतं त्याहून थोडं जास्तच. मी "असेल, म्हटले असतील" एवढं म्हणायचं होतं. खोटंही झालं नसतं, कारण शब्द जिभेपर्यंत आलेच होते.

"नाही फादर," मी म्हटलं. "मला पक्कं आठवतं. मी घाबरले नव्हते."

मावशी उठून उभ्या राहिल्या. "काल तू घातलं बोल्लीस."

"तुम्ही पाणी घातलं का विचारलंत. पाणी घातलंच होतं."

"आनि शब्द? तुला येतात बोल्लीस."

"येतात. पण ते म्हणायचा अधिकार मला नाही आमच्यात. आणि मावशी, त्यानं बाळाचं काही अडत नाही. बाप्तिस्मा हे चिन्ह आहे. आता बघा, शाळेतल्या मुलानं बिल्ला घरी..."

"तुझी शाला बंद कर गो, बाय," मावशी म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. दमलेल्या माणसासारखं म्हणाल्या.

बहिणीचा नवरा आत गेला आणि लगेच बाहेर आला.

फादरनी त्यांना समजावलं. आईबापांच्या मनात बाप्तिस्मा द्यायचा होता, तेवढं देवाला पुरेसं आहे, म्हणाले. संस्कार देवानं आपल्यासाठी दिले, त्याचे स्वतःचे हात त्यानं बांधून घेतलेले नाहीत. बाळाला आपण कबरस्तानातच पुरू, प्रार्थना करू, त्यासाठीही वेगळी प्रार्थना आहे. फक्त बाप्तिस्म्याच्या वहीत मला लिहिता येणार नाही. मी मनात म्हटलं, म्हणजे हा माणूस माझंच म्हणणं सांगतोय. मला बरंसुद्धा वाटलं. पण ते बोलत होते आणि मावशी ऐकत नव्हत्या. त्यांना त्यांच्या आजीनं सांगितलेलं ठाऊक होतं, की पाण्याशिवाय गेलेली लेकरं नरकात जात नाहीत, पण देवाचं तोंडही त्यांना कधी दिसत नाही. ती वेगळ्याच ठिकाणी असतात. आईबाप पुढे वर गेले तरी त्यांची भेट होत नाही.

पूर्वी अशी लेकरं कबरस्तानाच्या मागच्या भिंतीलगत पुरत. फादर म्हणाले, आता तसं काही राहिलं नाही, कुटुंबाच्या जागेत पुरा. मावशींनीच भिंतीकडची जागा दाखवली. आपल्या माणसांमध्ये तिला ठेवलं तर खोटी नोंद केल्यासारखं होईल, असं त्यांना वाटलं असावं. क्रूसावर नाव घातलं नाही. नाव बाप्तिस्म्यात मिळतं. महानगरपालिकेच्या कागदावरही अमुक-अमुक यांची मुलगी एवढंच आहे.

निघताना मी आतल्या खोलीत गेले. बहीण भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"ताई, एक वाक्य होतं," ती म्हणाली.

"ते पाळकाचं वाक्य आहे. तुलाही माहीत आहे. आपल्याला लहानपणी..."

"तुझ्या तोंडात होतं ना?"

"होतं."

"मग तू ते गिळलंस," ती म्हणाली. त्यानंतर ती माझ्याशी जवळजवळ दोन वर्षं बोलली नाही.

मी हातावर हात ठेवून बसणारी बाई नाही. आमच्या पाळकसाहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही योग्य तेच केलंत. आपल्या मंडळीत दीक्षित नसलेल्या माणसानं विधी करायचा नसतो. आणि तारण त्यावर अवलंबून नाही, हे तर तुम्हीच मुलांना शिकवता." मला हेच ऐकायचं होतं. ऐकल्यावर काहीच झालं नाही. चहा प्यायले. पाळकीणबाई मला फाटकापर्यंत सोडायला आल्या, तेव्हा कडी काढता काढता खालच्या आवाजात म्हणाल्या, "मी असते तर म्हटलं असतं हो. आजी मागतेय म्हटल्यावर बाप्तिस्मा काय, बाराखडी म्हटली असती."

"तुम्ही पाळकीणबाई असून?"

"म्हणून तर. आमच्या घरात नियम ठेवायला एक माणूस आहे."

शाळेत माझ्याबरोबरची एक बाई बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळीतली होती. तिला कळलं तेव्हा तिनं डबा खाता खाता मला धीर दिला. तिच्या मते तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे. माणसानं मोठं होऊन, पाप कळून, स्वतः मागावा आणि पाण्याखाली जावं. "तू ते शब्द म्हटले असतेस तरी आमच्या हिशोबानं काही झालंच नसतं. मग कशाला जिवाला लावून घेतेस?" आणि म्हणाली, "तसा तुझाही झालेला नाही. ये एखाद्या रविवारी." तिला खरंच वाटत होतं की ती मला मदत करतेय.

सगळ्यांनी मला निर्दोष सोडलं, असं म्हणायला हरकत नाही. तिन्ही मंडळ्यांच्या हिशोबात बाळ देवाच्या दयेवर होतं, आणि देव दयाळू आहे यावर सगळ्यांचं एकमत होतं. ही गोष्ट मी एका चिठ्ठीत लिहून बहिणीला पाठवली. उत्तर आलं नाही. तिचा नवरा एकदा शाळेच्या दाराशी भेटला. म्हणाला, "ताई, ती सगळं वाचते तुमचं. पण ती दर रविवारी मिस्साच्या उपासनेला रांगेत उभी राहते, तोंडात ती भाकर घेते, तेव्हा तो खरा प्रभू आहे असं मानते. चिन्ह नाही मानत. मग एकीकडे हे खरं, आणि पाणी नुसतं चिन्ह, असं तिला कसं चालेल? तुम्हीच सांगा."

बाळ गेल्यापासून त्यानं मला चिडवायचं सोडलं होतं.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. त्याची तयारी माझ्याकडे होती. शनिवारी काळ्या मनुका भिजत घालायच्या, उकळून गाळायच्या, रविवारी सकाळी पावाच्या कडा काढून बारीक चौकोनी तुकडे करायचे, औषधाच्या मापाएवढ्या काचेच्या पेल्यांत रस भरायचा. भाकर आणि रस फिरवायच्या आधी पाळकसाहेब सांगतात की मनात कुणाशी वैर असेल, कुणाचं आपल्याविरुद्ध काही असेल, तर आधी समेट करा, मग घ्या. अयोग्यपणे घेऊ नका. मी हे हजारदा ऐकलं होतं. आमच्यात ते तुकडे हे फक्त स्मरण आहे, पावाचं दुसरं काही होत नाही. तरीही बाळ गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी थाळी माझ्यापाशी आली आणि मी ती शेजारणीकडे सरकवली. मग दर महिन्याला तेच. पाव मी कापायचा, पेले मी भरायचे, उपासना संपल्यावर ते मीच विसळायचे, आणि मधे थाळी पुढे सरकवायची. शेजारी बसणाऱ्या बाया बघायच्या. कुणी विचारलं नाही. नवऱ्यानं एकदा विचारलं, "किती दिवस असं?" मी म्हटलं, "समेट होईपर्यंत."

"आणि नाही झाला तर?"

"तर नाही."

एवढी काटेकोर होते मी. तेवढी काटेकोर अजूनही असेन. पण मला दुसरंच काही जाणवायला लागलं होतं. संडेस्कूलमध्ये बाप्तिस्म्याचा धडा आला की मी फळ्याकडे वळायची आणि खडू हातात धरून थांबायची. मुलं वाट बघायची. मी तेच वाक्य लिहायची, त्यांच्याकडून तेच म्हणवून घ्यायची, आणि त्यातला एकही शब्द मला आतून उत्तर देत नसे. पुढच्या वर्षी मी वर्ग सोडला. घसा बसतो म्हणून सांगितलं.

दोन वर्षांनी, नोव्हेंबरच्या दोन तारखेला, मी मालाडला गेले. त्या दिवशी कॅथलिक लोक आपल्या मृतांच्या कबरी साफ करतात, फुलं वाहतात. बहीण तिथं सापडेल हे मला माहीत होतं. दुपारची वेळ, कबरस्तानात गर्दी, झेंडूच्या आणि मेणाच्या वासानं डोकं जड झालेलं. ती मागच्या भिंतीपाशी उकिडवी बसून गवत उपटत होती. बारीक झाली होती. नंतर तिला पुन्हा दिवस गेले नव्हते. शेजारी पाण्याची बाटली आणि फुलांसाठी रिकामा डबा होता. तिनं मला बघितलं आणि थोडी सरकली. मी बसले.

मी आडवळणानं बोलत नाही. "मला माफ केलंस का?" म्हटलं.

"केलं. मागच्याच वर्षी. कुमसाराला फादरनी तेच सांगितलं, बहिणीला माफ करा. केलं." कुमसार म्हणजे फादरजवळ आपली पापं सांगायची, तोही त्यांच्या सातांतला एक.

"मग कळवलं का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

तिनं गवताची मूठ बाजूला टाकली. मग म्हणाली, "ताई, मला एक सांग. तुला ती कुठं आहे असं वाटतं?"

"देवाजवळ."

"हे तू पोरांना सांगतेस ते. तुला स्वतःला विचारतेय मी. माहीत आहे म्हणून सांगतेस, की सांगायचं असतं म्हणून?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. माझ्यापाशी काहीही नव्हतं. देवाजवळ नाही, मावशींच्या त्या वेगळ्या ठिकाणीही नाही, कुठंच नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना दिलेली उत्तरं तेवढी होती, आणि ती माझी नव्हती. समेट झाला होता, आता मी थाळीतला तुकडा घेऊ शकत होते, आणि कशाचं स्मरण म्हणून घ्यायचा तेच मला कळत नव्हतं.

"मी आत्ता म्हणते," मी म्हटलं.

"काय?"

"ते शब्द. नावासकट. पाणी आहे इथं, मी ओततेसुद्धा. कुणी ऐकलं तरी चालेल मला." मी बाटली हातात घेतलीही होती.

तिनं ती माझ्या हातातून काढून घेतली. रागानं नाही. शिकवणीच्या सहा महिन्यांत ती काय काय शिकली होती ते मला त्या वेळी दिसलं, आणि तिनं ते किती मनापासून घेतलं होतं तेही.

"मेलेल्यांना देत नाहीत, ताई. जिवंत असेपर्यंतच."

"तुमच्यात."

"तुमच्यातही. तुला माहीत आहे."

मला माहीत होतं.

तिनं बाटलीतलं पाणी डब्यात ओतलं, फुलं त्यात उभी केली आणि डबा हलू नये म्हणून बाजूनं माती दाबली. मी मदत करायला हात पुढे केला, पण काम झालं होतं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुला उशीर होत नाही?" होतोय म्हटलं, साडी झटकली आणि निघाले.